'सांगितलंय' गमरे

२०१६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि तोवर कुणाच्या दारात चाकरीला उभा राहिलो नव्हतो. आमची भातशेती खाडीकाठची. एका उधाणात समुद्राकडचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. खारं पाणी प्यालेल्या जमिनीत भात होत नाही. बांध सरकारनं घालायचा की गावानं, ह्यावर अलिबागला चकरा झाल्या, चपला झिजल्या, बांध राहिला तसाच. मुलगा म्हणाला, "बाबा, आता घरी बसा." मी म्हटलं, घरी बसायला मी काय देव्हाऱ्यातला गणपती आहे? आणि चौलच्या पुढं खाडीला लागून जो बर्फाचा कारखाना आहे, तिथं गेटवर नोकरी धरली. म्हणजे तिथंही बसायचंच होतं, पण ते बसणं कामाचं.

पहिल्याच सकाळी एक उंच, हाडकुळा माणूस बगलेत छत्री धरून आला. आत शिरला नाही. गेटात थांबला, मान वर केली आणि नव्या गोठ्यात शिरताना बैल हुंगतो तसं त्यानं हुंगलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "नवीन दिसता, मालक."

"मालक आत आहेत," मी म्हटलं. "मी म्हात्रे. गेटवाला."

"तेच म्हणतो, मालक. वारा कुठनं येतोय ते बघून ठेवलंत का?"

मला वाटलं डोक्यानं सैल आहे. त्यानं पिशवीतून जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी काढली आणि माझ्या डोक्यावरच्या खांबाला बांधली. ती खाडीकडून डोंगराकडं फडफडायला लागली. म्हणाला, "गॅस सुटला तर ही चिंधी बघायची आणि हिच्या उलट पळायचं. माणसाच्या मागं पळायचं नाही. घाबरलेला माणूस कुठंही पळतो. बघा, मी सांगितलंय हां."

हा अनंत गमरे. कारखान्यातला मशीनवाला. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण कारखान्यात मुरलेला.

बर्फ करायला अमोनिया लागतो. आम्ही त्याला नुसतं गॅस म्हणायचो. मोठं कंप्रेसर तो गॅस दाबतं, मग तो एका लोखंडी टाकीत जमतो, तिथून नळ्यांतून फिरतो, नळ्या मिठाच्या पाण्यात असतात आणि त्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांमध्ये बर्फाच्या लाद्या तयार होतात. लादी फोडून बोटींना द्यायची. नळीतून गेला तर गॅस चाकर. बाहेर सुटला तर डोळे जाळतो, छाती जाळतो आणि माणूस उभ्या जागी गुदमरतो. एवढं मला गमऱ्यानं पहिल्या आठवड्यात शिकवलं. शाळेत मी चौथीपर्यंत होतो, पण ह्याच्या हाताखाली असतो तर कदाचित पुढं गेलो असतो. मास्तर मारायचे. हा मालक म्हणायचा.

मालक तो सगळ्यांना म्हणायचा. लाद्या ओढणाऱ्याला, भंगारवाल्याला, बर्फ न्यायला आलेल्या कोळणीला. फक्त जो खरा मालक त्याला 'शेठ' म्हणायचा. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? म्हणाला, "माझ्या बापाला गावात कुणी नावानं हाक मारली नाही, मालक. नुसती शिट्टी मारायचे. छप्पन सालानंतर आम्ही जुनं सगळं सोडलं, तेव्हा बापानं ठरवलं, आपण कुणाला हलकं बोलवायचं नाही. त्याचंच चालवतोय." माझी जमीन नुकतीच गेलेली. त्या दिवसांत मला मालक म्हणणारा तो एकटाच होता, म्हणून मी पुन्हा काही विचारलं नाही.

त्याचं नाक हा एक वेगळाच विषय होता. तंबाखू नाही, विडी नाही, पान नाही. गॅसचा वास पहिल्यांदा नाकालाच कळतो, म्हणून तो नाकाला जपायचा. शेठच्या मुलाच्या लग्नात कुणीतरी त्याच्या मनगटाला अत्तर लावलं, तर हा मांडवाबाहेर जाऊन मातीनं हात घासत बसला. बायको म्हणायची, "ह्यांच्यापायी घरात उदबत्ती लावायची सोय नाही. तेल तापलं की म्हणतात, सुमन, आज काय जाळतेस?" मुरलेल्या कामगारांना गॅसचा वास येईनासा होतो. नाक मरतं. गमरे सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाऊन बसायचा. म्हणायचा, नाकाला विसर पडायला पाहिजे, म्हणजे कामावर आल्यावर ते पुन्हा दचकतं.

आणि त्याचं ते सांगणं. ट्रकवाल्याला सांगेल, मागचा टायर गेलाय. शेठला सांगेल, पत्र्यावर ओणवा झालेला माड तोडा. मला सांगेल, तुमच्या स्टुलाचा पाय हलतोय. सगळ्याच्या शेवटी तेच: "बघा, मी सांगितलंय." लाद्या ओढणारा परशुराम, आम्ही त्याला परशा म्हणायचो, गावातला तरणाबांड गडी, तोंडानं भारी फटकळ. त्यानं ह्याचं नावच ठेवलं 'सांगितलंय'. "काय रं म्हात्रेदादा, सांगितलंय आला का आज?" गमऱ्याला राग नव्हता. तो हाकेला ओ द्यायचा. "आलोय मालक. आणि तुमची चप्पल तुटकी आहे, ओल्यावर घसराल." परशा त्याच दुपारी घसरला आणि लादीसकट आपटला. उठून म्हणतो, "ह्याच्या जिभेवर काळा तीळ हाय!"

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची. गमरे बौद्ध, पूजा करायचा नाही. पण आदल्या दिवशी तोच मशीन धुवायचा. रॉकेलच्या बोळ्यानं एकेक नट पुसायचा, चाकांना तेल द्यायचा, दाब दाखवणारं पितळेचं काट्याचं घड्याळ चिंच लावून घासायचा. पूजेच्या वेळी शेठ नारळ घेऊन आले की हा दारातून बाहेर व्हायचा आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा. आरती झाली की पहिला पेढा त्याला. तोही दोन्ही हातांनी घ्यायचा. शेठही कधी काही बोलले नाहीत, गमऱ्यानंही कधी मशीनला हार घातला नाही. इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं.

आता त्याची एक फजिती सांगतो, कारण ती पुढं त्याला महागात गेली.

कारखान्याच्या भिंतीला लागून कोळणी मासळी वाळवत. त्यात मुशी असायची. मुशी ज्यांनी वाळवलेली बघितली नाही त्यांना सांगतो, दोन दिवस उन्हात पडली की तिला असा झणका येतो की डोळ्यांत पाणी यावं. तो वास आणि गॅसचा वास सख्खे भाऊ. गमऱ्याला दोघांतला फरक कळायचा, पण त्या दिवशी त्याला पडसं झालेलं. त्या कोळणींतल्या हिराबायनं भिंतीपलीकडं मुशीची नवी खेप पसरली, वारा फिरला आणि गमरे मशीनघरातून धावत बाहेर आला. "गॅस! पळा! चिंधी बघा!"

आम्ही पळालो. परशा तर गुडघाभर खाडीत जाऊन उभा राहिला. मशीन बंद केलेलं, बोटी धक्क्याला खोळंबल्या, तांडेल शिव्या देतायत. गमरे ओला गोणपाट तोंडाला गुंडाळून एकटा आत शिरला, नळीनळी तपासली आणि बाहेर येऊन भिंतीजवळ गेला. पलीकडून हिराबाय त्याच्याकडं बघत होती.

"क रं मेल्या," ती म्हणाली, "माझे मुशीला गॅस बोलतंस? माझा बाप, माझा आजा हाच वास घेऊन म्हातारं झालं. कोण मेलं न्हाय!"

सगळे हसले. गमरे भिंतीला हात जोडून म्हणाला, "चुकलो मालक." त्यावर तर आणखी हसले. शेठसुद्धा हसले. पण त्या दिवसापासून असं झालं, की गमऱ्यानं नाक वर केलं की परशा ओरडायचा, "मुशी हाय, मुशी!"

पुढच्या मोसमात ते वॉलचं प्रकरण सुरू झालं.

गॅसच्या टाकीवर एक सेफ्टी वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, असतो. टाकीत दाब जास्त झाला की तो आपोआप उघडतो आणि जादा गॅस वर, उंच पाइपातून निघून जातो. टाकी फुटण्यापेक्षा ते बरं. आमचा वॉल जुना झालेला. दाब नसतानाही थोडा थोडा गॅस सोडायचा. नारळी पुनव होऊन बोटी नुकत्या मासेमारीला लागलेल्या, बर्फाला मरणाची मागणी. शेठनं अलिबागहून फिटर बोलावला. त्यानं काय केलं, वॉल आणि टाकी जिथं जोडलेली असते तिथं मधी एक लोखंडाची चकती बसवली आणि बोल्ट आवळून टाकले. गळती थांबली. आणि वॉलही आंधळा झाला. बाहेरून बघणाऱ्याला वॉल जागेवर दिसायचा, रंगवलेला, छान. पण दाब वाढला तर गॅसला वर जायला वाट राहिली नव्हती.

गमरे त्या दिवशी रजेवर होता. दुसऱ्या दिवशी कामावर आला, टाकीपुढं उभा राहिला आणि मग माझ्यापाशी येऊन बसला. कधी न बसणारा माणूस.

"काय झालं?"

"मालक, त्यांनी तिचं नाकच बुजवलंय."

तो शेठकडं गेला. शेठ वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. माझ्या बायकोच्या आजारपणात त्यानं गाडी दिलेली. तो कधी आवाज चढवायचा नाही. गमऱ्याला म्हणाला, "अरे गमरे, बराबर आहे तुझं. नवीन वॉल मागवलाय. गणपती झाले की बसवू." गणपती झाले. मग सांगितलं, दिवाळी झाली की. मग म्हणाला, आता मधेच गॅस काढून टाकी उघडायची म्हणजे अर्धा-एक दिवस कारखाना बंद, बोटवाले दुसरीकडं जातील, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा निवांत करू. गमरे रोज सांगायचा. शेठ रोज हो म्हणायचा. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याशी काय करायचं?

त्या वर्षीच्या खंडेनवमीला गमऱ्यानं मशीन धुतलं नाही. शेठला म्हणाला, "चकती काढा, मग धुतो. पूजा तुमची तुम्ही करा, पण हे मशीन मी आज सजवणार नाही." तेवढं पुरलं. परशा म्हणाला, "याला आपल्या देवाचं वावडं, म्हनून याला मशीनमधी खोट दिसते." गमरे इतकी वर्षं पूजेला बाहेर उभा राहायचा ते आता सगळ्यांना आठवलं. ते म्हणे आधीपासूनच खुपत होतं.

दिवाळी झाल्यावर तो मला म्हणाला, "मालक, अलिबागला येता का माझ्याबरोबर? सरकारी हपिसात जायचंय. एकटा गेलो तर वेडा समजतील. दोघं असलो की विचार करावा लागतो."

मी गेलो. मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणत नाही, आणि शेठला कळेल म्हणून भ्यायचं माझं वय नव्हतं. हपिसात बाकावर दुपारपर्यंत बसवलं. मग एका टेबलावर बोलावलं.

"कुठल्या युनियनचे?"

"कुठल्याच नाही साहेब," गमरे म्हणाला.

"मालकाशी भांडण झालंय?"

"नाही. शेठ चांगले आहेत."

"कामावरून काढलंय?"

"नाही."

"मग तक्रार कशाला करताय?"

"वॉलसाठी," गमरे म्हणाला. टेबलावरचा माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "तो सांगतोय ते ऐका. मी साक्षीला आलोय." त्यानं मला विचारलं, तुम्ही चकती बघितली का? मी म्हटलं, नाही. चकती आत असते, बाहेरून कशी दिसणार? तो म्हणाला, मग कसली साक्ष?

पण तपासायला साहेब कारखान्यात आला, हे खरं. तरुण होता, भला होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "तक्रार कुणाची?" आणि गमऱ्यानं शेठपुढं, परशापुढं, आम्हा सगळ्यांपुढं सांगितलं, "माझी." साहेबानं वॉल बघितला. म्हणाला, "उघडून बघावं लागेल." गमऱ्याचा चेहरा असा झाला की जणू पोरगी पास झाल्याचं कळलं. तो पाने आणायला निघालासुद्धा.

शेठ शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगाल तर ह्या मिनटाला बंद करतो. फक्त बाहेर जे उभे आहेत त्यांना तुम्हीच सांगा."

गेटाबाहेर बोटवाले होते. बातमी आधीच गेलेली. गेट मीच धरून उभा होतो, त्यामुळं त्यांची तोंडं मला जवळून दिसत होती. "बर्फ बंद झाला तर मासली काय तुझे डोस्क्यावर वतू?" हे गमऱ्याला. "साहेब, मोसम हाय, आमचे पोटावर नका येऊ." हे साहेबाला. ते खोटं बोलत नव्हते. बर्फ नाही तर बोट जात नाही, बोट गेली नाही तर चूल नाही. साहेबानं त्यांच्याकडं बघितलं, घड्याळ बघितलं, शहाळं प्यालं आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सवडीनं उघडून ठेवा, मी येतो." पुढच्या आठवड्यात त्याची बदली झाली.

गमरे हातात पाना घेऊन टाकीपाशी उभा होता. बराच वेळ तो पाना त्यानं खाली ठेवला नाही.

त्यानंतर त्याला मशीनवरून काढून लाद्या ओढायला लावला. परशाच्या हाताखाली. तो ओढायचा. पुढं शिमग्याच्या सुमाराला शेठनं त्याला बोलावून म्हटलं, "गमरे, तुझं वय झालं. घरी आराम कर." मशीनवर नवीन पोरगा आलेलाच होता, पण गमरे घरी गेला नाही. रस्त्यापलीकडं उंडीचं झाड आहे, त्याच्याखाली येऊन बसायला लागला. सकाळी कामाच्या वेळेला यायचा, संध्याकाळी सुटायच्या वेळेला जायचा. जेवणाचा डबा आणायचा. मी म्हटलं, "गमरे, इथं बसून काय होणार?"

"काही नाही, मालक. पण घरी बसून मला वास येत नाही."

नव्या पोराला तो लांबूनच ओरडून सांगायचा, ऊन फार आहे, टाकीचं काट्याचं घड्याळ बघत राहा. पोरगा हात करायचा. परशा जाता येता चिडवायचा, पण एकदा मी बघितलं, त्यानं आपल्या डब्यातली तळलेली बोंबलाची तुकडी नेऊन ह्याच्या डब्यात टाकली. म्हणाला, "खा. नाकाला काय होत न्हाय." गमऱ्यानं खाल्ली.

वैशाखातली दुपार होती. पावसाळी बंदीला थोडेच दिवस राहिलेले, शेठनं वॉल आणूनसुद्धा ठेवलेला. खोटं कशाला सांगू, पुड्यात बांधलेला मी स्वतः बघितला. लाइट गेली. कंप्रेसर जनरेटरवर चालू झालं, पण नळ्या गार करणाऱ्या पाण्याचा पंप चालू झाला नाही, आणि पोराच्या ते ध्यानात आलं नाही. पाणी नाही म्हणजे गॅस तापतो, तापला की दाब वाढतो. उंडीखालून गमरे उठून उभा राहिलेला मी बघितला. पंपाचा आवाज बंद पडलेला त्याला कळला होता. तो दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "बंद करा! मशीन बंद करा!" मी आत धावलो, ओरडलो. परशा लाद्या ओढायच्या फळीवरून हसत म्हणाला, "दादा, मुशी हाय!"

मग आवाज झाला. टाकी नाही फुटली, तिच्यापासून निघणारा मोठा जोड फुटला. पांढरा धूर जमिनीवरून पाण्यासारखा वाहत आला. लोक पळाले. काही जण चिंधी बघून पळाले, ते वाचले. पोरगाही वाचला. गमरे उलटा आला, रस्ता ओलांडून, गोणपाट माझ्या पाण्याच्या पिंपात बुचकळून.

"गमरे, थांब!"

"परशा बाहेर आला नाही, मालक."

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. आत गेला आणि परशाला फरफटत बाहेर आणलं, आणि त्याच्या शेजारी रस्त्यावर पडला. परशा अलिबागला पोचायच्या आधी गेला. गमऱ्याचे डोळे आणि घसा जळाले होते.

पोलीस आले, वास सोसेना, म्हणाले पंचनामा उद्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो अलिबागचा फिटर आणि शेठचा ड्रायव्हर आले. नळ्या बंद करायला शेठनं पाठवलंय म्हणाले. मी गेटवाला, शेठच्या माणसांना आत सोडलं. आत पान्यांचा आवाज झाला. थोड्या वेळानं ते धक्क्यावर गेले आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड खाडीत टाकलं. मी विचारलं, काय ते? ड्रायव्हर म्हणाला, "फुटका पाइप." फुटलेलं पुष्कळ होतं, मला ते खरं वाटलं. अकराला पंचनामा झाला. सेफ्टी वॉल व्यवस्थित आढळला.

आणि मग गावात बोलायला लागले. आधी हळू, मग चावडीवर. गमऱ्याला आधीच कसं कळलं? तो रोज समोर टपून का बसायचा? काढून टाकलेला माणूस. मशीन धुवायला नकार दिलेला माणूस. स्फोट व्हायच्या आधी हातवारे करून ओरडत होता, हे दहा जणांनी बघितलेलं. तो जे जे सांगत आला होता ते सगळं आता त्याच्यावरच उलटलं. परशाची आई माझ्या दारात येऊन म्हणाली, "दादा, तुमी तेच्या बाजूचं. त्यानं माझे पोराला मारला आन् मग बाहेर कारायचं नाटक केलं." मी म्हटलं, "त्यानं नाही मारलं." ती म्हणाली, "मंग कुनी?" वॉल व्यवस्थित होता, असं सरकार म्हणत होतं.

चार-पाच दिवसांनी मी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात गेलो. खोलीच्या दारात हवालदार बसलेला. सुमन बाहेर बाकावर होती. म्हणाली, "दादा, लोक काय बोलतात ते ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटतं पोलीस जबाबाला येतात ते वॉलची चौकशी करायला." मी हो म्हटलं.

गमऱ्याच्या डोळ्यांना पट्ट्या होत्या. घशातून नुसती हवा यायची, कान जवळ न्यावा लागला.

"मालक?"

"मीच."

"परशा गेला ना?"

"गेला."

मग म्हणाला, "त्या पोराला सांगा, त्याची चूक नाही. पंप बंद पडला तरी वॉल उघडला असता तर कुणाला काही झालं नसतं." दम लागला म्हणून थांबला. मग माझी बाही धरली. "मालक, एवढंच सांगा. ती चकती काढली का?"

त्या गोणपाटात काय होतं ते मला तिथं, त्याच्या खाटेशी कळलं. टाकीतला गॅस सगळा निघून गेलेला. ज्या कामाला अर्धा दिवस कारखाना बंद ठेवावा लागणार होता, ते त्यांनी पंचनाम्याआधी थोडक्यात उरकलं होतं. चकती काढली आणि गमऱ्याचं सगळं सांगणं खोटं पाडून टाकलं.

"काढली," मी म्हटलं.

"नक्की? तुम्ही बघितलं?"

"बघितलं. फिटरनंच काढली."

त्यानं माझी बाही सोडली. ओठ फाटलेले होते तरी हसला. "बरं झालं. आता मशीनवर कुणीही बसू दे." आणि भिंतीकडं कूस वळवून, पाळी संपलेला माणूस झोपतो तसा झोपला. हवालदारानं आत डोकावून विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, "झोपला."

मला तो दिसला तो तेवढाच. त्याला मुंबईला हलवलं, तिथून तो परत आला नाही. कारखाना आज चालू आहे, वॉलही नवा आहे, आणि गावात अजून लोक म्हणतात की बर्फाचा कारखाना गमऱ्यानं फोडला.

त्या दिवशी दवाखान्यातून मी थेट चौकीत गेलो. गोणपाटाचं सांगितलं. चौकीतले साहेब म्हणाले, "आजोबा, गोणपाटात चकती होती हे तुम्ही बघितलंत?" नाही म्हटलं. म्हणाले, "चकती आणा, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर गेलो नाही. ओहोटी लागलेली बघून धक्क्याच्या बाजूनं खाडीत उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. पायानं चाचपत चाललो, शिंपल्या लागल्या, दोरखंड लागले, काच लागली. वर धक्क्यावर हिराबाय पाटी घेऊन उभी होती.

"म्हात्रेदादा, काय गमावलंस रं?"

"लोखंड."

"किती दिस झाले परून?"

मी सांगितलं. तिनं पाटी खाली ठेवली. "मंग कशाला हात घालतंस? हा चिखल बोटीचा नांगर गिलतो. वर ये, भरती लागेल आता."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं आणि वाकून खांद्यापर्यंत हात चिखलात घातला.